विहीणबाईंनी गाडी काढली

"विहीणबाई, तुमचे डोळे असे लाल काहून दिसून राहिले?"

अमरावतीहून रात्रभराचा प्रवास करून प्रमिलाताई इंगोले सकाळी आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि उंबरा ओलांडायच्या आधी त्यांनी हे विचारलं. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात संत्र्यांची पिशवी, नाकातोंडावर निळा मास्क. बसमध्ये सगळे खोकत होते म्हणे.

"कांदा चिरत होते," मी म्हणाले.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "तुमच्या घरी तं कांदा चालत नाही ना?"

आम्ही सांगलीचे जैन. आमच्या स्वयंपाकघरात कांदा आला असता तर माझ्या सासूबाई भिंतीवरच्या फोटोतून खाली उतरल्या असत्या. लग्नाच्या बोलण्यांत ही गोष्ट मीच प्रमिलाताईंना तीन-तीनदा बजावून सांगितली होती. पण अंगात ताप असला की माणसाला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही.

"शेजारणीसाठी," मी म्हणाले. हे तर आणखीच वाईट होतं. त्या मास्कच्या वरून नुसत्या बघत राहिल्या.

मी कुमुदिनी आरवाडे. सगळं आयुष्य हायस्कुलात जीवशास्त्र शिकवण्यात गेलं. मानवी हृदयाची आकृती मी फळ्यावर रंगीत खडूंनी अशी काढायची की शेजारच्या वर्गातले शिक्षक बघायला यायचे. महाधमनी कुठून निघते, झडपा कशा उघडतात, रक्त का गोठतं, गोठतं तेव्हा काय होतं, सगळं तोंडपाठ. त्या उन्हाळ्यात माझ्याच हृदयाची एक नळी बंद पडत आली आणि डॉक्टरांनी तिच्यात स्टेंट बसवला, तेव्हाही मी टेबलावर पडल्या पडल्या त्यांना दोन शंका विचारल्या होत्या. एवढं ज्ञान असलेल्या बाईला कुणी काही शिकवू नये, अशी माझी पक्की समजूत होती.

प्रमिलाताईंना मात्र ही समजूत मान्य नव्हती. स्टेंट बसवल्यापासून त्या रोज सकाळी फोन करायच्या. हवापाणी झालं, मुलांची खुशाली झाली की ठरलेला प्रश्न, "गोळ्या घेतल्या का जी?" मी ह्यांना म्हणायची, "ही बाई माझी हजेरी घेते. आयुष्यभर मी पोरांची हजेरी घेतली, आता विहीण माझी घेते." हे हसायचे आणि पेपर वाचायचे. ह्यांचा हळदीचा व्यापार; जास्त बोलायचं नाही, हे त्यांच्या धंद्यातच शिकलेलं.

आता ताप का लपवला ते सांगते. दुसऱ्या दिवशी आमच्या सुनेचं, ऋजुताचं डोहाळजेवण होतं. ऋजुता म्हणजे प्रमिलाताईंची एकुलती एक मुलगी. ती आणि आमचा सन्मित पुण्याहून त्याच संध्याकाळी निघणार होते. मी हॉल घेतला होता. फुलांची वाडी सांगितली होती. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं मोगऱ्याचं. झोपाळ्याला झेंडूच्या माळा. आचारी कोल्हापूरचा. यामागं कारण होतं. मुलांचं लग्न अमरावतीला झालं तेव्हा प्रमिलाताईंनी आमची अशी काही बडदास्त ठेवली की आमच्याकडची माणसं परत येताना गाडीत त्याशिवाय दुसरं काही बोलेचनात. माझी सख्खी नणंद म्हणाली, "वहिनी, असं आपल्याकडं कुणाला जमत नाही हो." ते वाक्य माझ्या पोटात दगडासारखं बसलं होतं. डोहाळजेवणात सांगली काय चीज आहे ते मी अमरावतीला दाखवणार होते.

आणि नेमका त्याच आठवड्यात शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. व्यासपीठावर मला बसवलं, हार घातले, आणि शिंकत-खोकत शंभर-दीडशे जण माझ्या पाया पडून गेले. दोन दिवसांत माझं अंग मोडून आलं. घसा धरला, ताप चढला. मी गुपचूप तापाची गोळी घ्यायची, घाम येऊन ताप उतरायचा, मी कामाला लागायची. डॉक्टरांनी पावसाळ्यात म्हटलं होतं, "बाई, फ्लूची लस घेऊन टाका, स्टेंटवाल्यांनी घ्यावी." मी त्यांना म्हणाले होते, "ती लहान पोरांची असते." त्यांनी समजावायचा प्रयत्न केला, पण मी शिकवायच्या सुरात बोलायला लागले की भल्याभल्यांची बोलती बंद होते.

याहून मोठा शहाणपणा पुढंच आहे. नाक शिंकरताना रुमालावर रक्ताचा एक ठिपका दिसला. मी लगेच निदान केलं: रक्त फार पातळ झालंय. आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मी माझ्या अधिकारात बंद करून टाकल्या. डोहाळजेवण झालं की पुन्हा सुरू करू, असं ठरवलं. कुणाला विचारायचं? मीच शिकवलेलं सगळं.

तर प्रमिलाताई आल्या. आंघोळ करून त्या मास्क लावूनच स्वयंपाकघरात आल्या. मला तो मास्क झोंबला. आमच्या घरात काय रोगराई आहे की काय? आहे हे मला माहीत होतं, पण त्यांना कुठं माहीत होतं!

"द्या, मी लाटते," त्या म्हणाल्या. मी ओटीसाठी करंज्या करत होते. करंज्या विकतच्या आणायच्या नाहीत, हा माझा हट्ट.

"तुम्ही बसा हो. पाहुण्या आहात."

त्यांनी लाटणं घ्यायला हात पुढं केला, त्यांची बोटं माझ्या मनगटाला लागली आणि त्या तशाच थांबल्या. मग न विचारता त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला.

"विहीणबाई, अंग भट्टीसारखं तापून राहिलं तुमचं."

"गॅससमोर बसलेय."

"गॅस बंद आहे जी."

मी गॅसकडं बघितलं. बंद होता. मी तुपाची कढई ठेवून पेटवायचं विसरले होते.

"कवापासून आहे ताप?"

"नाहीये ताप. असला तर थोडी कणकण. प्रत्येकाला असते या दिवसांत." एवढं बोलताना मला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. प्रमिलाताईंनी पाण्याचा पेला माझ्या हातात दिला आणि त्या गॅलरीत गेल्या. जाळीच्या दारातून त्यांचा आवाज स्पष्ट येत होता.

"ऋजू, तुम्ही निघू नका. नाही, नाही. इकडं तुझ्या सासूबाईंना ताप आहे. फ्लू वाटून राहिला. तू पोटुशी आहेस, सातवा महिना आहे. सन्मितला सांग. मी सांगते त्यांना इथं."

मी लाटणं घेऊनच गॅलरीत गेले. आज तो प्रसंग डोळ्यांपुढं आणला तर हसू येतं. पिठाचे हात, हातात लाटणं, आणि तापानं लाल झालेले डोळे. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं असेल, आरवाडे बाईंनी विहिणीवर धाव घेतली.

"तुम्ही परस्पर कसं सांगितलंत? हॉल ठरलाय. आचारी येतोय. अडीचशे बायकांना बोलावणं गेलंय!"

"बाळापरीस हॉल मोठा आहे काय जी?"

"माझी सून आहे ती!"

"माझी लेक आहे," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर मला पुढं बोलता आलं असतं. मी लाटणं गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं आणि आत जाऊन पलंगावर आडवी झाले. हे सकाळपासून हॉलवर होते, झोपाळा नीट बांधला जातोय का बघायला. त्यांना सांगायला फोन उचलला आणि खाली ठेवला. काय सांगणार? विहीणबाईंनी माझं डोहाळजेवण मोडलं म्हणून? त्यात डोहाळजेवण माझं नव्हतं ही एक अडचण होती.

पडल्या पडल्या मी मनात प्रमिलाताईंना उत्तरं देत होते. एकापेक्षा एक सरस. त्यातल्या एका चांगल्या उत्तराच्या मध्यावर माझ्या जबड्यात कळ आली. मी म्हटलं, दात आवळून धरलेत म्हणून. मग डावा खांदा भरून आला. मी म्हटलं, करंज्या लाटल्या म्हणून. छातीत दडपण वाटायला लागलं. खोकून खोकून बरगड्या आखडल्या. मळमळतंय? सकाळपासून पोटात काही नाही, पित्त. अंगाला दरदरून घाम सुटला तेव्हा तर मला आनंदच झाला. ताप उतरला! म्हटलं, आता उठून पुण्याला फोन करावा, ताप गेलाय, निघा म्हणावं.

उठले, आणि पुन्हा बसले. पलंगाची कड धरून बसून राहिले.

प्रमिलाताई पेज घेऊन आल्या. दारातच त्यांची पावलं थांबली.

"काय होऊन राहिलं?"

"काही नाही."

"जबडा काहून धरून बसल्या?"

"दाढ दुखतेय."

"कोणती?"

मी बोट ठेवून दाखवलं. बोट ठेवलं तिथं माझी कवळी होती.

त्यांनी पेज टेबलावर ठेवली. ठेवताना ताटलीत सांडली, ते त्यांनी पुसलं नाही. "सकाळच्या गोळ्या घेतल्या का?" हा रोजचाच प्रश्न होता, पण या वेळी त्याच्या शेवटी 'जी' नव्हतं. खोटं बोलायची माझी शक्ती संपली होती. मी मान हलवली. नाही.

"काल?"

नाही.

त्यांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. ती मिरजेकडं गेली होती, यायला वेळ लागेल म्हणाले. मग माझ्या औषधांच्या आणि रिपोर्टांच्या पिशवीत हात घालून त्यांनी दवाखान्याचा नंबर शोधला, तिथं फोन केला, तिकडून जी गोळी चघळायला सांगितली ती माझ्या तोंडात घातली आणि विचारलं, "गाडीची किल्ली कुठाय?"

"ह्यांना बोलावते मी. पण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते गाडी—"

"मी चालवते. किल्ली."

"थांबा, मी साडी तरी बदलते."

साडीला पिठाचे हात लागले होते. अशा साडीत मी कधी घराबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. प्रमिलाताईंनी माझं काही ऐकलं नाही. दंडाला धरून, जवळजवळ उचलूनच त्यांनी मला गाडीत बसवलं. त्या माझ्याहून बुटक्या आहेत. एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

अमरावतीत त्या स्वतःची गाडी चालवतात हे मला माहीत होतं. पण गावभागातली आमची गल्ली म्हणजे अमरावतीचा हमरस्ता नव्हे. एका बाजूला भाजीच्या गाड्या, दुसऱ्या बाजूला उभ्या केलेल्या मोटरसायकली. त्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"कुठल्या बाजूनं?"

आता ही गोष्ट मला आजही नीट सांगता येत नाही. मला रस्ता माहीत होता. माझा जन्म याच गावात गेलाय. आणि मी सांगितलं नाही. म्हणाले, "आधी हॉलवर थांबू. ह्यांना घेऊ. हारांची टोपली माझ्याकडंच राहिलीय, ती पण द्यायची आहे."

"हॉल नाही. दवाखाना."

"मला काही झालेलं नाही! पित्त आहे! उगाच एवढा गाजावाजा, उद्या सगळ्या गावात होईल की आरवाडे बाई डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी आजारी पडल्या."

घाईत प्रमिलाताईंचा फोन घरीच राहिला होता. त्यांनी काच खाली केली. "ओ दादा, हृदयाचा दवाखाना कुठाय जी?" तो केळीवाला होता. त्यानं एकीकडं बोट दाखवलं. पुढच्या चौकात त्यांनी एका बाईंना विचारलं, त्या बाईंनी भलतीकडं दाखवलं. मी शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. छातीवर कुणी तरी जड पोतं ठेवलंय असं वाटत होतं आणि मी मनाशी म्हणत होते, बघू या, सापडतंय का हिला. असं सुचतं तरी कसं माणसाला? पण सुचलं खरं.

गाडी फिरत फिरत आयर्विन पुलाच्या चढाला लागली. समोर कृष्णेचं पात्र दिसायला लागलं. दवाखाना बरोबर उलट्या दिशेला, विश्रामबागेकडं. प्रमिलाताईंना ते पाणी बघूनच कळलं असावं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. मागच्या रिक्षावाल्यानं शिवी दिली. त्यांचं लक्ष नव्हतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

"इंगोले साहेबांना असाच ताप आला होता," त्या म्हणाल्या.

इंगोले साहेबांना मी पाहिलेलं नव्हतं. मुलांचं जमायच्या आधीच ते गेले होते. हृदयविकारानं, एवढंच माहीत होतं.

"साधा सर्दीताप. घरात सगळ्यांनाच झाला होता. त्यांना स्टेंट होता तुमच्यासारखा. जबडा दुखते म्हणाले. मी म्हटलं, दाढ असंल. लवंग देल्ली. मग खांदा दुखते म्हणाले. मी बाम लावून देल्ला." त्या एरवी माझ्याशी जपून, शुद्ध बोलायच्या. आता तसं बोलणं सुटलं होतं. "घरात माझ्या माहेरचे पाहुणे होते. मी म्हटलं, पाहुण्यांसमोर नाटकं काहून करून राहिले? तोंडावर म्हटलं त्याइले. तं ते उठून बसले. बाहेर येऊन पाहुण्यांशी हसून बोलले. मी म्हटलं म्हणून बोलले. मी चहा आणाले आत गेली. चहा आणेपर्यंत गेले."

पुलावरून एक ट्रॅक्टर आला, धडधडत निघून गेला.

"मला तुमच्या गावचे रस्ते येत नाहीत विहीणबाई," त्या म्हणाल्या. "तुम्हाला येतात."

मी त्यांच्याकडं बघितलं. मास्क लावलेलाच होता, त्यामुळं चेहरा दिसत नव्हता. स्टिअरिंगवरचे हात तेवढे दिसत होते. त्यांना माझ्या साडीचं पीठ लागलं होतं.

"गाडी वळवा," मी म्हणाले. "मागं. आता सरळ. पुढं सिग्नलला उजवीकडं घ्या. तिथं खड्डा आहे, सांभाळून."

त्यानंतर दवाखान्याच्या दारापर्यंत मी त्यांना एक-एक वळण सांगत गेले. शेवटच्या वळणाला माझा आवाज फुटत नव्हता म्हणून हातानं दाखवलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. छातीला चिकटवलेल्या थंडगार पट्ट्या, धावणारं स्ट्रेचर, कुणी तरी माझ्या बांगड्या उतरवतंय. आणि डॉ. पट्टणशेट्टींचा आवाज, "बाई, गोळ्या कधीपासून बंद आहेत?" त्या क्षणी मला ते नाकातल्या रक्ताचं कारण सांगायचं होतं. बरं झालं, बोलता आलं नाही.

स्टेंटमध्येच गुठळी झाली होती. हातातून तार घालून त्यांनी ती काढली, नळी पुन्हा मोकळी केली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ज्या वेळी मी हॉलच्या दारात उभी राहून बायकांना अत्तर लावणार होते त्या वेळी, डॉक्टर माझ्या खाटेशी खुर्ची ओढून बसले.

"फ्लू नाकाघशापुरता राहत नाही हो बाई. सगळ्या शरीरात दाह होतो. रक्त अशा वेळी गोठायला टपलेलं असतं. आणि तुमचा स्टेंट बसून वर्षसुद्धा झालेलं नाही. गुठळीला धरायला आयती जागा. म्हणजे ताप आला की या गोळ्यांची गरज वाढते. कमी होत नाही. आणि तुम्ही नेमक्या तेव्हाच बंद केल्या. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"एका जीवशास्त्राच्या शिक्षिकेनं," मी म्हणाले.

"तिचं पुन्हा ऐकू नका," डॉक्टर म्हणाले.

डोहाळजेवण झालं, पण पुण्यात. ऋजुताच्या सोसायटीतल्या बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, घरातल्याच खुर्चीला फुलं लावली, वाट्या झाकून बर्फी की पेढा ओळखायला लावलं. सन्मितनं फोनवरून सगळं दाखवलं. मी ते दवाखान्याच्या खाटेवरून बघितलं. आमच्या हॉलवरचा कोल्हापूरचा आचारी आलाच होता, तर ह्यांनी ते सगळं जेवण एका वसतिगृहाच्या मुलांना नेऊन वाढलं. मला विचारलंसुद्धा नाही. मी दहा वेळा सांगून जे काम होत नाही ते ह्यांनी एका दुपारीत केलं.

आणि प्रमिलाताई? मी घरी आले तेव्हा त्या आमच्या पाहुण्यांच्या खोलीत तापानं फणफणत पडल्या होत्या. मास्क लावून एवढं सांभाळलं बिचारीनं, पण त्या गाडीत मी त्यांच्या शेजारी बसून सगळा रस्ताभर खोकले होते. हे दोघींच्या खोल्यांमध्ये पेजेच्या वाट्या घेऊन येरझाऱ्या घालत होते. अमरावतीला सांगलीचा पाहुणचार दाखवायचा होता ना, तो मी असा दाखवला.

बरं वाटायला लागल्यावर तपासणीसाठी गेले होते. डॉक्टरांचं बघून झालं, मी उठत होते, आणि पुन्हा बसले.

"डॉक्टर, एक विचारू? एका माणसाला असंच झालं होतं. स्टेंट, फ्लू, जबडा दुखायला लागला. बायकोला वाटलं दाढ. ते गेले. तिनं लगेच दवाखान्यात नेलं असतं तर वाचले असते का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. मला वाटलं, नाही म्हणतील. म्हणावं अशी माझी फार इच्छा होती.

"कदाचित वाचले असते," ते म्हणाले. "कदाचित नेऊनही गेले असते. आज ते कुणालाच सांगता येणार नाही. ज्याचं दुखतं त्यालाच कळत नाही, मग दुसऱ्याला काय कळणार? कोण होते तुमचे?"

"व्याही," मी म्हणाले. हा शब्द मी त्यांच्यासाठी पहिल्यांदाच वापरला.

घरी आले ती सरळ पाहुण्यांच्या खोलीत गेले. दुपारची वेळ होती. प्रमिलाताई उशीला टेकून बसल्या होत्या. ताप होता अजून. मी पलंगाच्या कडेला बसले. मला गोड बोलता येत नाही. शिक्षकांना उत्तर बरोबर की चूक एवढंच सांगता येतं. आणि इथं तर उत्तरच नव्हतं.

"मी डॉक्टरांना इंगोले साहेबांचं विचारलं," मी म्हणाले.

त्यांनी अंगावरची चादर वर ओढून घेतली.

"लगेच नेलं असतं तर वाचले असते की नाही, ते म्हणाले, सांगता येत नाही. वाचले असते असंही नाही आणि नसते असंही नाही. कुणालाच सांगता येत नाही."

त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. मला वाटलं, चुकलं आपलं. नको ते उकरून काढलं. तोंडातून निघून गेल्यावर मला नेहमीच कळतं.

"मी कुणाला हे कधी विचारलंच नाही जी," प्रमिलाताई म्हणाल्या. "डॉक्टर 'वाचले असते' म्हणतील या भीतीनं. ऋजूलेही नाही सांगितलं. सहा वर्षं मी मनाशी धरूनच चालली, की वाचलेच असते."

आणि त्या रडायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत. त्यांना जवळ घ्यावं की पाणी आणावं की ह्यांना हाक मारावी, मला काही कळेना. मी त्यांचा हात धरला. चटका बसावा इतका तापलेला होता.

"रडू नका हो," मी म्हणाले. "ताप वाढेल."

रडण्यानं ताप वाढतो, याला जीवशास्त्रात काडीचाही आधार नाही.

"वाढू द्या जी," त्या म्हणाल्या.